लिव्हर ट्रान्सप्लांटनंतर केमो घ्यावी का? सल्ला हवा आहे

पारिजात
बाबांना यकृताचा कॅन्सर होता, हिपॅटोसेल्युलर कार्सिनोमा. नुकतंच ट्रान्सप्लांट झालं, तब्येत सुधारतेय. पण काढलेल्या यकृताच्या रिपोर्टात मायक्रोव्हॅस्क्युलर इन्व्हेजन (बारीक रक्तवाहिन्यांत कॅन्सरचा शिरकाव) आलंय. आत्या म्हणते लगेच केमो सुरू करा, आई म्हणते आता पुरे. सर्जन म्हणतात, केमोची गरज नाही, लक्ष ठेवू. हे बरोबर आहे का? पुढच्या भेटीत काय विचारू?

रात्रपाळी
सर्जनचं बरोबर आहे. स्तनाच्या किंवा आतड्याच्या कॅन्सरमध्ये ऑपरेशननंतर केमो देतात, म्हणून आत्यांना तसं वाटणं साहजिक आहे. पण हा कॅन्सर नेहमीच्या केमोला फारशी दाद देत नाही. ट्रान्सप्लांटनंतर डॉक्सोरुबिसिन वगैरे देऊन पाहिलंय, ठोस फायदा सिद्ध झाला नाही, म्हणून सरसकट देत नाहीत. शिवाय रिजेक्शन (शरीराने नवं यकृत नाकारणं) टाळायला प्रतिकारशक्ती आधीच दाबलेली. त्यात पांढऱ्या पेशी उतरल्या तर साधा संसर्गही महागात पडतो.

रिपोर्टात गाठी किती, केवढ्या? ट्रान्सप्लांटच्या वेळी एएफपी (या कॅन्सरचा रक्तातला मार्कर) किती होतं?

पारिजात
एकच गाठ, साडेतीन सेंमी. एएफपी ६०.

रात्रपाळी
म्हणजे मिलान निकषांत बसणारी केस (ट्रान्सप्लांट कुणाला करायचं ते ठरवायचे निकष: एक गाठ ५ सेंमीपर्यंत, किंवा तीनपर्यंत गाठी, प्रत्येकी ३ सेंमीच्या आत). गाठ जिवंत पेशींची असेल तर रिट्रीट स्कोअर (कॅन्सर परतण्याच्या जोखमीचे गुण) ८ पैकी ४ येतो: एएफपीचा १, रक्तवाहिन्यांत शिरकावाचे २, आकार आणि संख्या मिळून १. मधली जोखीम. डॉक्टरांकडून पडताळून घ्या, माझं गणित अंतिम धरू नका.

सोनचाफा
सोराफेनिब गोळी किंवा इम्युनोथेरपी? आमच्या ओळखीत एकांना इम्युनोथेरपीने छान फरक पडला.

रात्रपाळी
त्यांचं ट्रान्सप्लांट झालेलं होतं का? इथे हाच प्रश्न महत्त्वाचा. निव्होलुमॅबसारखी औषधं प्रतिकारशक्तीचा ब्रेक काढतात, आणि तीच मग नव्या यकृतावर तुटून पडू शकते. यात रुग्ण दगावलेले आहेत. प्रतिबंध म्हणून तर नकोच. सोराफेनिबची स्टॉर्म चाचणी (२०१५) गाठ कापून किंवा जाळून काढलेल्यांवर होती, ट्रान्सप्लांटवाल्यांवर नाही. पण तिथेही कॅन्सर परतणं थांबलं नाही. परतलाच, तर मात्र या गोळ्यांचा विचार होतो.

जुनाखेळाडू
मी स्वतः ट्रान्सप्लांटवाला, कारण हेच. केमोवर डोकं शिणवण्यापेक्षा टॅक्रोलिमसबद्दल (रिजेक्शन टाळायची गोळी) विचारा: डोस कमीत कमी किती ठेवता येईल, आणि एव्हरोलिमस (त्याच कामाचं दुसरं औषध) जोडता येईल का? ते लगेच देत नाहीत, जखम भरायला वेळ लागतो, म्हणून साधारण महिनाभर थांबतात. मला तोंडात फोड आले, कोलेस्टेरॉल वाढलं, पण निभावलं.

रात्रपाळी
+१, फक्त अपेक्षा बेताची ठेवा. एव्हरोलिमसच्याच जातीच्या सिरोलिमसवर सिल्व्हर चाचणी (२०१६) झाली. पहिली काही वर्षं फायदा दिसला, पाच वर्षांनंतर फरक टिकला नाही.

जुनाखेळाडू
मान्य. तपासण्यांचं वेळापत्रक मात्र लिहूनच घ्या: पोटाचा आणि छातीचाही सीटी, सोबत एएफपी, सुरुवातीची वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी. छाती का, तर हा परततो तेव्हा फुप्फुसातही दिसतो. हिपॅटायटिस बी असेल तर त्याची गोळी बंद करू नका. आणि टॅक्रोलिमसची पातळी तपासायची त्या सकाळी रक्त दिल्यावरच गोळी. बाबा सवयीने आधी घेऊन टाकतील.

पारिजात
अगदी तेच झालं मागच्या वेळी! आत्याने वनौषधींची पावडरही पाठवलीये.

जुनाखेळाडू
ट्रान्सप्लांट टीमला दाखवल्याशिवाय डबा उघडू नका. टॅक्रोलिमसची पातळी अशा गोष्टींनी वरखाली होते.