नव्या फोनची हौस आणि काटकसरीचे उपदेश

दर्दी सातारकर:
‘काटकसरी’ यांनी परवा लिहिले की, वर्षाला फोन बदलणारी माणसे जाहिरातींना भुललेली असतात आणि फोन बंद पडेपर्यंत वापरणे हाच खरा शहाणपणा. मला नवे फोन घेऊन पाहण्याची हौस आहे आणि ती मी लपवत नाही, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

२०१४ साली मोटो जी १२,४९९ रुपयांना आला, त्याच वर्षी जुलैत शाओमीचा मी ३ हा १३,९९९ रुपयांना आला, आणि तोवर त्या ताकदीच्या फोनला कितीतरी जास्त पैसे मोजणाऱ्या आपल्या बाजारात भाव उतरले. ही चढाओढ कोणाच्या जिवावर झाली? फ्लॅश सेलच्या, म्हणजे मोजके फोन क्षणात संपणाऱ्या ऑनलाइन विक्रीच्या, वेळी संगणकापुढे बसून, अनोळखी कंपनीचा फोन स्वतःच्या पैशाने घेऊन, त्याचे बरेवाईट चारचौघांना सांगणाऱ्या हौशी मंडळींच्या! आपण सगळ्यांनी मग निर्धास्तपणे तेच फोन घेतले.

आणि ‘घेऊन पाहणे’ म्हणजे पेटी उघडून फोटो टाकणे नव्हे. नवा फोन आला की मी रात्री दिवा मालवून, प्रकाश अगदी कमी ठेवून, पडद्यावर करड्या रंगाचे कोरे चित्र लावतो; एका बाजूला हिरवट किंवा गुलाबी झाक असेल तर ती तेव्हाच दिसते. मग आईला फोन लावून बराच वेळ बोलतो, कारण अनेक स्वस्त फोनांतून कानाजवळचा खरा सेन्सर काढून सॉफ्टवेअरवर भागवले जाते आणि बोलता बोलता गालानेच आवाज बंद होतो. हे जाहिरातीत नसते आणि फुकट मिळालेल्या फोनच्या परीक्षणातही क्वचितच असते.

काटकसरी:
सातारकर, आपल्या मातोश्रींच्या सहनशक्तीला वंदन! परंतु आपण दिलेली उदाहरणे २०१४ची आहेत. तेव्हा दोन वर्षांत फोन खरोखर जुना व्हायचा. पिक्सेल ८ (२०२३) आणि गॅलेक्सी एस२४ (२०२४) यांना सात वर्षे अपडेट देण्याचे कंपन्यांनीच जाहीर केले असताना वर्षाला नवा फोन घेण्याचे कारण काय उरते? एप्रिल २०२०पासून मोबाइलवर १८ टक्के जीएसटी आहे, म्हणजे प्रत्येक हौसेमागे सरकारचा वाटा आधीच ठरलेला. फोनमुळे होणाऱ्या प्रदूषणाचा बहुतांश भाग तो वापरताना नव्हे, तर तो घडवतानाच होतो, हेही आपल्याला ठाऊक असेलच.

माझा फोन पाचव्या वर्षात आहे. मध्यंतरी बॅटरी बदलून घेतली. त्यावर फोन येतात, पैसे जातात, नातीचे फोटो निघतात. आणखी काय करायचे असते?

दर्दी सातारकर:
माझा जुना फोन पेटी, बिल आणि चार्जरसकट दुसऱ्याच्या घरी जातो, उकिरड्यावर नाही. तो घेणारा नवा फोन घेत नाही, हे आपल्या प्रदूषणाच्या हिशेबात कुठे बसवलेत?

बुधवार पेठ:
दोघेही गादीवर बसून कुस्ती खेळत आहात. मी दुरुस्तीच्या धंद्यात आहे आणि माझे दुखणे वेगळे आहे. पूर्वी हौशी गिऱ्हाईक फोन *उघडायचे*; आता फक्त विकत घेते.

२०१०-११च्या अँड्रॉइडवर मराठी वाचायला गेले की चौकोन दिसायचे, नाहीतर जोडाक्षरे फुटून वेलांट्या भलतीकडे जायच्या. ऑपेरा मिनीच्या पत्त्याच्या चौकटीत ‘ऑपेरा:कॉन्फिग’ टाकून अक्षरे चित्ररूपात मागवायची युक्ती तेव्हा गल्लीतल्या पोरांना पाठ होती. त्यापुढे रूट करणे, म्हणजे फोनचा पूर्ण ताबा घेणे, देवनागरी फॉन्ट चढवणे, सायनोजेनमॉड ही हौशी मंडळींनी घडवलेली अँड्रॉइड प्रणाली टाकणे. कंपनीने वाऱ्यावर सोडलेला फोन त्यामुळे आणखी वर्ष-दोन वर्षे चालायचा. सायनोजेन २०१६च्या अखेरीस बंद झाले, पुढे त्याचाच वारस लिनिएजओएस आले, पण आज फोनचे बूटलोडर, म्हणजे दुसरी प्रणाली चढू न देणारे कुलूप, उघडायचे म्हटले तर कुठे कंपनीच्या परवानगीसाठी दिवस मोजत बसावे लागते आणि कुठे ती सोयच नसते. सॅमसंगमध्ये तर परकी प्रणाली चढवली की आतला नॉक्स या सुरक्षा व्यवस्थेचा फ्यूज कायमचा जातो आणि खासगी फाइली कुलपात ठेवणारा सिक्युअर फोल्डर पुन्हा कधीच चालत नाही. पैसे माझे, फोन माझा, आणि कुलूप कंपनीचे!

बँकवाली:
ते कुलूप लोकांच्या पैशासाठी आहे, महाशय. मी बँकेत फसवणुकीच्या तक्रारी हाताळते. बूटलोडर उघडलेल्या फोनवर बँकेचे अ‍ॅप चालत नाही म्हणून भांडायला येणारे तुमच्यासारखे हौशी मी रोज पाहते. गेल्या महिन्यात एक निवृत्त शिक्षक आले. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका म्हणून आलेली एपीके फाइल, म्हणजे फोनवर अ‍ॅप बसवणारी फाइल, त्यांनी उघडली, तिला एसएमएस वाचण्याची परवानगी दिली आणि सकाळपर्यंत खाते रिकामे झाले. त्यांच्या पत्नी माझ्या टेबलासमोर बसून रडत होत्या. तुमच्या फॉन्टचे कौतुक मला सांगू नका.

बुधवार पेठ:
ताई, त्या गुरुजींच्या फोनचे बूटलोडर उघडे होते का? एवढेच सांगा.

बँकवाली:
नव्हते. मुद्दा तो नाही.

बुधवार पेठ:
मुद्दा तोच आहे! बंद कुलपाच्या फोनवरून पैसे गेले आणि शिक्षा कोणाला, तर लिनिएजवर ताजे सुरक्षा अपडेट घेणाऱ्याला. तीन वर्षे एकही अपडेट न मिळालेला फोन तुमच्या अ‍ॅपला चालतो, कारण त्यावर कंपनीचा शिक्का शाबूत आहे. मी काल अपडेट केलेला फोन चालत नाही. याला सुरक्षा म्हणत असाल तर धन्य आहे.

बँकवाली:
रूट केलेल्या फोनवर दुसरे अ‍ॅप आमच्या अ‍ॅपच्या पोटात शिरू शकते, हे तुम्हाला दुकानात बसून कळत नसेल तर मी येथे शिकवणी घेणार नाही. रूट न करता केवळ प्रणाली बदलणाऱ्यांवर अन्याय होतो, हे मान्य करते, पण दोघांतला फरक दूरवरून खात्रीने ओळखणे सोपे नसते. नियम मूठभर हौशींसाठी लिहायचे की त्या गुरुजींसाठी?

राइनकाठचा:
जर्मनीतून लिहितो आहे. युरोपीय संघात २० जून २०२५पासून नवे नियम लागू झाले आहेत. फोनची विक्री थांबल्यानंतर किमान पाच वर्षे अपडेट द्यायचे, सुटे भाग सात वर्षे पुरवायचे आणि ८०० वेळा चार्ज झाल्यावरही बॅटरीने ८० टक्के क्षमता राखायची. काटकसरींची बाजू येथे कायद्यानेच घेतली आहे. बूटलोडर मात्र कोणी सोडवला नाही.

काटकसरी:
चला, माझी बाजू घ्यायला अखेर ब्रुसेल्सला यावे लागले! बुधवार पेठकरांचे एक मात्र मानावे लागेल. अपडेट थांबल्यावर फोन चालता ठेवायचा तर माझ्यासारख्या कंजुषालाच ते उघडे कुलूप लागेल; वर्षाला फोन विकणाऱ्या सातारकरांना त्याचे काय? ते तर अपडेट थांबण्याआधीच निरोप घेतात.

दर्दी सातारकर:
टोमणा पोचला. पण पुढचा फोन निवडताना बूटलोडर उघडता येतो का, हे मी आधी तपासून येथे लिहीन, म्हणजे तो सेकंड हँड घेणाऱ्या काटकसरींची सोय होईल. भाव मात्र तसूभरही कमी होणार नाही.

बुधवार पेठ:
तपासाल तेव्हा एवढे लिहाच की, बूटलोडर उघडताना फोनमधले सगळे पुसले जाते. मागच्या आठवड्यात एक गिऱ्हाईक बॅकअप न घेता उघडून बसले, आणि आता मुलाच्या मुंजीचे फोटो माझ्याकडे मागते आहे.