मदत हवी आहे: आरसी ट्रकचे घरचे मेटल पार्ट वाकतायत, धातू कुठला घेऊ?

वीतभर_ट्रक (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे एक-दशांश मापाचा, रिमोटवर चालणारा (आरसी) शॉर्ट कोर्स ट्रक आहे, मागच्या चाकांवर चालणारा. मूळची ब्रशवाली मोटर होती तोवर काही तुटलं नाही. हौसेने जास्त ताकदीची ब्रशलेस मोटर आणि ३एस लिपो (तीन सेलची बॅटरी) टाकली आणि साडेसाती लागली. दोन महिन्यांत पुढचे सस्पेन्शन आर्म (चाक धरणारे हात) तीनदा तुटले, मागचा, चाक फिरवणारा प्लास्टिकचा ड्राइव्ह शाफ्ट पिळून मोडला. (हो, मी खाणीजवळ उड्या मारतो. हो, मातीवर नाही, मुरमावर.)

पार्ट बाहेरून मागवायचे तर पार्टपेक्षा कुरिअर आणि ड्यूटीच जास्त. शिवाय उद्यमनगरापासून, म्हणजे वर्कशॉपांच्या वस्तीपासून, दहा मिनिटांवर राहून वीतभर आर्मसाठी तीन आठवडे वाट बघायची, हे मनाला पटेना. म्हणून ओळखीच्या लेथवाल्या मामांकडे गेलो. भंगारातली ६ मिमीची ॲल्युमिनियम पट्टी मिळाली, मामांनी मिलिंगवर हुबेहूब आर्म काढून दिले. देखणे काम! पहिल्याच रविवारी केळ्यासारखे वाकले. हाताने सरळ केले तर सरळही झाले, तेव्हा आजीच्या जर्मनच्या पातेल्याची आठवण आली.

दुसरा जोड ८ मिमीचा केला. तो वाकला नाही. पण आर्म ज्यावर फिरतो ती ३ मिमीची हिंज पिन वाकली आणि आर्म ज्यात बसतो ते बल्कहेड फाटलं.

शाफ्ट माइल्ड स्टीलचे केले. चार बॅटऱ्या चालले, मग शाफ्टच्या टोकाच्या आडव्या पिनेने, ती ज्यात अडकते त्या कपात खाचा पाडल्या. मामांनी नवे कप लाल करून पाण्यात बुडवले, काही फरक नाही.

तर: ॲल्युमिनियम कुठलं घेऊ? शाफ्टला स्टील कुठलं, आणि पाणी नीट कसं द्यायचं? आणि मामा म्हणतात, "शिरोलीत फाउंड्रीत ओतून घे की, कशाला एवढं कोरत बसतोस." घेऊ का?

"नवीन ट्रक घे" हा सल्ला कृपया नको. तो प्रस्ताव घरात एकदा मांडून झालाय.

भोसरी_नाइटशिफ्ट

भावा, आर्म मेटलचा करूच नकोस. उत्तर तू स्वतःच लिहिलंयस: ८ मिमीचा आर्म वाचला आणि बल्कहेड फाटलं. नायलॉनचा आर्म दगडाला धडकला की लवतो आणि परत येतो, धक्का तिथेच जिरतो. तो तू ताठ केलास की धक्का पुढे सरकतो. आधी पिन, मग बल्कहेड, मग चॅसी. आर्म दहा मिनिटांत बदलतो, चॅसी बदलायला रविवार जातो.

मेटल लाव ते जिथे झीज आहे, पीळ आहे किंवा उष्णता आहे तिथे. शाफ्ट, हिंज पिना, स्टिअरिंगचा बेलक्रँक (सर्व्होची हालचाल चाकांना देणारा तिरपा दांडा), मोटर प्लेट. मोटर प्लेट तर ॲल्युमिनियमचीच हवी, ती उष्णता ओढून घेते. सर्व्हो हॉर्न मेटलचा घेशील तर धक्का जिरवणारा सर्व्हो सेव्हर काढू नकोस, नाहीतर सर्व्होचे दात जातील.

वीतभर_ट्रक

पटतंय, पण मनाविरुद्ध. खरं सांगायचं तर चकचकीत आर्म दिसतात भारी, अर्धा मोह त्याचाच होता.

मोल्डर_काका

शिरोलीत तीस वर्षं फाउंड्रीत काढली, म्हणून ओतकामाचं मी सांगतो. नको. चार नगांसाठी पॅटर्न करायचा खर्च कोण देणार? आणि बारीक ओतकामासाठी तुमच्या गळ्यात एलएम६ हा ओतकामाचा ॲल्युमिनियम मारतील. त्यात साधारण १२ टक्के सिलिकॉन, साच्यात पाण्यासारखा पळतो, म्हणून आम्हाला आवडतो. पण वाळूत ओतलेल्या एलएम६ची यील्ड (ज्या ताणावर धातू कायमचा वाकतो तो) ६०-७० मेगापास्कलच्या आसपास. त्यात पातळ जागी सच्छिद्रपणा राहिला तर विचारूच नका.

ॲल्युमिनियमच्या ग्रेडांचा यील्डचा हिशोब, मेगापास्कलमध्ये, असा (टी६ म्हणजे उष्णता-उपचार केलेला). खिडक्यांच्या सेक्शनचं ६०६३ टी६ मध्ये सव्वादोनशेच्या जरा खाली. ६०६१-टी६ सुमारे २७५. ७०७५-टी६ पाचशेच्या घरात, म्हणजे माइल्ड स्टीलच्या दुप्पट. कोल्हापुरात दुकानदाराला ६०६१ म्हटलं तर बघत बसेल. एचई३० टी६ मागा. ते ६०८२, जवळपास तेवढंच. ७०७५ला टाके मारायच्या भानगडीत पडू नका, नेहमीच्या टिग वेल्डिंगने त्याला चिरा जातात.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. ग्रेड बदलून पट्टी कमी *लवत* नाही, कारण सगळ्या ॲल्युमिनियमचा ताठपणा ७० गिगापास्कलच्या आसपासच. उशिरा वाकते, एवढंच. ताठ हवी तर जाडी वाढवा. जाडी दुप्पट म्हणजे ताठपणा आठपट. आणि आतल्या कोपऱ्यांना रेडियस ठेवायला सांगा. मोडलेले नग बघून आयुष्य गेलं, दहातले आठ काटकोनातून गेलेले असतात.

तुमचा वाकलेला आर्म फेकू नका, जवळच्या फाउंड्रीत स्पेक्ट्रोवर (धातूत काय काय आहे ते सांगणारं यंत्र) टाकून बघा.

कानस

शाफ्टचं मी सांगतो. माइल्ड स्टीलला पाणी चढत नाही, कार्बनच नाही तर कडक काय होणार? मामांची चूक नाही, धातूची आहे.

शाफ्ट आणि कप दोन्ही ईएन२४ या मिश्र स्टीलचे, टी कंडिशनमध्ये कर. तो बार आधीच उष्णता-उपचार केलेला येतो, कार्बाइड टिपने सरळ लेथवर कापता येतो. भट्टी नको, वाकडं व्हायची भीती नको. कप मऊ ठेवून नुसती पिन कडक केलीस तर पुन्हा कपच खाल्ला जाईल.

आडव्या पिनेसाठी भंगार बेअरिंगमधला नीडल रोलर (सुईसारखा बारीक कडक रूळ) शोध. फुकट, आणि घरी करशील त्याहून कडक. नाहीच मिळाला तर सिल्व्हर स्टील घे, त्यात कार्बन साधारण १ टक्का. चेरीसारखा लाल कर, लोहचुंबक चिकटायचं थांबलं की अजून थोडा तापव, आणि *उभा* पाण्यात सोड. आडवा टाकलास तर वाकेल. मग ओटीजीमध्ये २०० अंशावर तासभर. ही पायरी टाळलीस तर पिन काचेसारखी तुटते. ओटीजीबद्दल घरी आधी सांग, नंतर नको.

मेटलमध्ये बसणाऱ्या प्रत्येक स्क्रूला निळं लॉकटाइट (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद). एम३ला २.५ मिमीचं ड्रिल, आणि ॲल्युमिनियमात निदान ६ मिमी खोल आटे.

वीतभर_ट्रक

तीन आठवड्यांनी अपडेट.

आर्म स्पेक्ट्रोवर टाकला. ९९ टक्क्यांच्या वर शुद्ध ॲल्युमिनियम. म्हणजे खरोखरच पातेल्याचा माल! मामा दिवसभर हसत होते.

आर्म नायलॉनचे लावले, दोन जोड जादा मागवून ठेवले. बेलक्रँक एचई३०चा केला. ईएन२४चे शाफ्ट आणि नीडल रोलरची पिन, अकरा बॅटऱ्या झाल्या, कपावर ओरखडासुद्धा नाही.

पण काल उडी मारून उतरताना थ्रॉटल दाबलेला राहिला आणि डिफच्या (डिफरेन्शियलच्या) गिअरचे दात गेले. आता ते स्टीलचे करू का?

भोसरी_नाइटशिफ्ट

थांब. स्लिपर क्लचचा (जादा धक्का आला की घसरून गिअर वाचवणारा क्लच) नट किती आवळलायस?

वीतभर_ट्रक

पूर्ण. घसरत होता म्हणून.

भोसरी_नाइटशिफ्ट

घसरण्यासाठीच असतो तो. नट पूर्ण आवळून मग अर्धा ते एक फेरा सैल कर, गाडी सुटताना हातभर अंतर बारीक घरघर ऐकू आली पाहिजे. आणि हवेत असताना बोट थ्रॉटलवरून काढ. गिअर प्लास्टिकचाच टाक.