शब्दचर्चा : आत्मविश्वास, लवचिकता आणि ताणाचा सामना

प्रश्न : एम.ए. मानसशास्त्राच्या प्रबंधासाठी विद्यापीठातल्या मुलामुलींना द्यायची प्रश्नावली मराठीत करते आहे. सेल्फ-एफिकसीला 'आत्मविश्वास', रेझिलियन्सला 'लवचिकता' आणि कोपिंगला 'ताणाचा सामना' हे शब्द घेतले आहेत. चालतील का?

उत्तर : 'आत्मविश्वास' घेऊ नका. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी 1977 मध्ये सेल्फ-एफिकसीची कल्पना मांडली, ती ठरावीक कामापुरती आहे: हे काम माझ्या हातून होईल की नाही, याबद्दलचा स्वतःचा अंदाज. गॅदरिंगमध्ये बिनधास्त सूत्रसंचालन करणारी मुलगी एम-थ्रीच्या (इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या गणिताच्या) केटीपुढे, म्हणजे नापास होऊन राहिलेल्या विषयापुढे, हातपाय गाळते. तिला आत्मविश्वास आहे का विचारलंत तर ती 'हो' म्हणेल, आणि तुमचं मोजमाप चुकेल. प्रबंधाच्या मजकुरात 'स्वक्षमता' ठेवा, पण मुलांपुढे जाणाऱ्या विधानात 'जमेल' हेच क्रियापद हवं: 'राहिलेला विषय पुढच्या वेळी सोडवणं मला जमेल.' बंडुरांच्या मते हा विश्वास सर्वांत जास्त वाढतो तो स्वतः काही जमवून दाखवल्यावर. आपल्यासारख्याच कुणाला जमलेलं पाहिल्यावरही वाढतो. नुसत्या 'तू करशील रे'चा परिणाम त्यामानाने कमी.

रेझिलियन्स, म्हणजे धक्क्यातून पुन्हा उभं राहणं, याला 'लवचिकता' तर नकोच. 'मी लवचिक आहे' वाचून कुणाला योगासनं आठवतील, कुणाला तडजोड. 'स्थितिस्थापकता'ही नको, ती भौतिकशास्त्रातली, रबर मूळ आकारात येतं ती. वर्ष वाया गेलेला मुलगा उभा राहतो तेव्हा तो आधीचाच राहिलेला नसतो. इथे 'सावरणे' आणि 'उभारी धरणे' ही आपली हक्काची क्रियापदं आहेत, ती वापरा. उलट्या विधानासाठी, म्हणजे जिथे 'हो' म्हणणं सावरता न येण्याची खूण असते तिथे, 'एक पेपर वाईट गेला की मी पार खचतो/खचते.'

प्रश्न : आणि 'सामना'?

उत्तर : त्यात लढाई आहे. लाझारस आणि फोकमन या मानसशास्त्रज्ञांनी 1984 च्या ग्रंथात कोपिंगचे दोन प्रकार सांगितले: अडचणीवरच उपाय करणं, आणि अडचणीने मनात उठलेली कालवाकालव शांत करणं. वेळापत्रक आखणं पहिल्यात बसतं. रात्री आईला फोन करून मन मोकळं करणं दुसऱ्यात, आणि त्याला कुणी 'सामना' म्हणणार नाही. तरी ते तितकंच खरं आहे. निकाल लागेपर्यंत विद्यार्थ्याच्या हातात काहीच नसतं, तेव्हा दुसराच प्रकार कामी येतो. म्हणून 'ताण हाताळणे' म्हणा.

आणखी एक : 'तणाव' टाळा, तो दोन गटांत किंवा सीमेवर असतो. मनावर येतो तो ताण. विधानात 'टेन्शन' लिहायलाही कचरू नका, मुलं तेच बोलतात. छापण्याआधी मात्र मराठी माध्यमातून आलेल्या आणि इंग्रजी माध्यमातल्या अशा दोन्ही विद्यार्थ्यांना प्रत्येक विधान वाचायला द्या, आणि काय समजलं ते त्यांच्याच शब्दांत सांगायला लावा.