‘सेगमेंटेशन’, ‘टार्गेटिंग’, ‘पोझिशनिंग’ : मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : वाणिज्य शाखेच्या मराठी पुस्तकांत मार्केटिंगमधल्या ‘सेगमेंटेशन’, ‘टार्गेटिंग’ आणि ‘पोझिशनिंग’ या तीन संज्ञांसाठी ‘बाजारपेठ विभाजन’, ‘लक्ष्यीकरण’ आणि ‘स्थाननिश्चिती’ असे शब्द आढळतात. विद्यार्थी ते पाठ करतात, पण अर्थ विचारला की अडखळतात. याहून नेमके शब्द कोणते?

प्रतिसाद : ‘विभाजन’ म्हटले की एकसंध वस्तूचे तुकडे पाडल्याचा भास होतो. मार्केटिंगचे अभ्यासक वेंडेल स्मिथ यांनी १९५६ साली मांडलेली कल्पना मात्र अशी होती की, मागणी मुळातच एकजिनसी नसते आणि तिच्यातले वेगवेगळे गट ओळखून विक्रेत्याने आपला माल त्यांच्या गरजेनुसार बेतावा. किराणा दुकानाच्या दारात शाम्पूच्या पुड्यांची माळ लटकते आणि आत फळीवर बाटल्या असतात. रोजच्या मजुरीवर घर चालवणारी बाई माळेतली एक पुडी तोडून नेते, तर महिन्याचा किराणा एकदम भरणारे कुटुंब बाटली घेते. हे गट कोणी पाडलेले नाहीत, ते होतेच. म्हणून ‘ग्राहकांची वर्गवारी’ हा शब्दप्रयोग मला अधिक योग्य वाटतो.

‘लक्ष्यीकरण’ऐवजी ‘ग्राहकवर्गाची निवड’ म्हणावे. त्यावर अधिक चर्चेची गरज नाही.

खरी अडचण तिसऱ्या शब्दाची आहे. ‘स्थाननिश्चिती’ वाचून विद्यार्थ्याला दुकानाची जागा किंवा फळीवरची मांडणी आठवते. जाहिरात क्षेत्रातले अल रीस आणि जॅक ट्राउट यांनी १९७२ च्या लेखमालेतून ही संज्ञा रूढ केली, तेव्हा त्यांना अभिप्रेत असलेली जागा ग्राहकाच्या मनातली होती. आपल्याकडचे उदाहरण धुण्याच्या पावडरीचे आहे. सर्फ १९५९ पासून बाजारात होती; १९६९ मध्ये करसनभाई पटेल यांनी अहमदाबादेत निरमा सुरू केली आणि सायकलवरून दारोदार नेऊन ती फार कमी दरात विकली. निरमाचा जोर वाढल्यावर सर्फच्या जाहिरातीत ललिताजी नावाच्या चोखंदळ गृहिणी आल्या आणि स्वस्त वस्तू घेणे व चांगली वस्तू घेणे यांतला फरक समजावून सांगू लागल्या. त्या जाहिरातीने सर्फचा भाव उतरवला नाही; महाग वस्तू घेण्यातही काटकसर असू शकते, ही भावना तिने गृहिणीच्या मनात रुजवली. पुढे स्वस्त पावडर घेणाऱ्या वर्गासाठी सर्फच्याच कंपनीने ‘व्हील’ हे निराळे नाव आणले.

प्रश्न : मग ‘प्रतिमानिर्मिती’ म्हणावे का?

प्रतिसाद : नको. प्रतिमा एकट्या वस्तूचीही असू शकते, पण स्थान हे नेहमी दुसऱ्या वस्तूंच्या तुलनेत ठरते आणि तो तुलनेचा अर्थ गमावून चालणार नाही. ‘स्थान’ ठेवावे, ‘निश्चिती’ मात्र काढावी, कारण कंपनी प्रयत्न करते आणि निश्चिती गिऱ्हाईक करते. ‘ग्राहकमनातील स्थान’ अशी संज्ञा आणि ‘स्थान मिळवणे’ असे क्रियापद वापरल्यास वाक्येही सहज होतात. त्याच धर्तीवर ‘रीपोझिशनिंग’ला ‘स्थानबदल’ म्हणता येईल : मुलांचा खाऊ समजल्या जाणाऱ्या डेअरी मिल्क चॉकलेटने १९९४ च्या सुमारास, क्रिकेटच्या मैदानावर धावत येऊन नाचणाऱ्या तरुणीच्या जाहिरातीतून, मोठ्यांच्या मनात जागा मिळवली. तिथे ‘स्थानांतर’ हा शब्द मात्र वापरू नये; त्यातून गाव सोडून जाण्याचा अर्थ निघतो.