हॉस्पिटलमध्ये लीन-कायझेन कुणी खरंच राबवलंय का? आमच्याकडे डिस्चार्जला संध्याकाळ होते

क्वालिटी_डेस्क:
नमस्कार मंडळी. मी तालुक्याच्या गावातल्या एका ट्रस्ट हॉस्पिटलमध्ये क्वालिटी बघते, साधारण शंभर बेडचं आहे. एनएबीएचची (हॉस्पिटलच्या दर्जाची मान्यता) तयारी चालूच होती, त्यात आता ट्रस्टींच्या मनात लीन, म्हणजे टोयोटाची वाया जाणारा वेळ आणि श्रम काढून टाकायची पद्धत, भरलंय आणि या वर्षात काहीतरी करून दाखवा म्हणतायत. मला स्वतःला एकच गोष्ट छळतेय ती म्हणजे डिस्चार्ज. सर सकाळी दहाच्या राउंडला "आज घरी जा" म्हणतात आणि पेशंट प्रत्यक्ष निघतो चार-पाचला, नातेवाईक पिशव्या भरून कॉटवर बसलेले, दुपारची एसटी गेलेली, आणि खाली कॅज्युअल्टीत नवीन पेशंट ट्रॉलीवर त्याच बेडची वाट बघत असतो. सगळे म्हणतात स्टाफ कमी आहे. उलट सिस्टर लोकांना भीती वाटतेय की लीन म्हणजे अजून माणसं कमी करणार. तर गाड्यांच्या कारखान्यातली पद्धत आजारी माणसांच्या ठिकाणी चालते का, आणि सुरुवात नेमकी कुठून करायची? ज्यांनी केलंय त्यांनी प्लीज सांगा.

चाकणकर:
ताई, मी चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत प्रॉडक्शनला आहे, कायझेन, म्हणजे थोडी थोडी सतत सुधारणा, हे आमचं रोजचं काम. पहिली विनंती, फाइव्ह एसपासून, म्हणजे जागा आवरून-लावून ठेवण्यापासून, सुरू करू नका. कपाटांना लेबलं लागतात, जमिनीवर पिवळे पट्टे येतात, फोटो चांगले येतात, पण पेशंटची एसटी काही मिळत नाही. फाइव्ह एस वाईट नाही, ते नंतर आपोआप लागतं.

त्यापेक्षा एका पेशंटची फाइल धरा आणि तिच्याबरोबर चाला. सर "डिस्चार्ज" म्हणाले ती वेळ लिहा, मग फाइल कुठल्या टेबलावर पडली, कुणी उचलली, किती वेळाने, वॉर्डबॉय मामा कितीदा खालीवर गेले, सगळं लिहा. मीटिंगरूममध्ये बसून फ्लोचार्ट काढाल तर जे व्हायला पाहिजे तेच लिहिलं जाईल, जे होतंय ते नाही. ही पद्धत घडवणारे टोयोटाचे ताइइची ओनो सात प्रकारची वाया जाणारी कामं सांगायचे, त्यात वाट बघणं हा एक प्रकार आहे आणि तुमच्याकडे तोच सगळ्यात मोठा निघेल असं मला वाटतं. फाइलवर प्रत्यक्ष काम थोडाच वेळ होत असणार, बाकी वेळ ती ढिगाऱ्यात पडून.

अजून एक बघा, तुमचे आरएमओ (वॉर्डातले निवासी डॉक्टर) अख्खा राउंड संपल्यावर सगळ्या डिस्चार्ज समऱ्या एकदम लिहायला बसतात का? बहुतेक हो. मग सगळ्या फाइली एकाच वेळी बिलिंगला जातात आणि तिथे तुंबतात. लाइनवर शंभर पीस एकदम पुढे ढकलले की पुढचं स्टेशन आधी रिकामं बसतं आणि मग बुडतं, तसंच हे. एक समरी झाली की ती एकच फाइल पुढे पाठवायची, बाकीच्यांसाठी थांबायचं नाही. याला पैसा लागत नाही.

इन्चार्ज_सिस्टर:
मी बरीच वर्षं वॉर्ड सांभाळतेय म्हणून लिहिते. मॅडम, आधी सिस्टरांना एक वचन द्या की नवीन रजिस्टर येणार नाही. दरवेळी क्वालिटीचं काही आलं की आमच्या टेबलावर एक रजिस्टर वाढतं आणि पेशंटजवळचा वेळ कमी होतो, मग कोण मनापासून करणार.

आता डिस्चार्ज नक्की कुठे अडतो ते सांगते, कारण हे वरच्या लोकांना दिसत नाही. फार्मसी रिटर्न. पेशंटच्या नावावर आलेली उरलेली इंजेक्शनं, सलाइन, गोळ्या मोजायच्या, स्लिप लिहायची, मामा ते घेऊन खाली जाणार, फार्मसीवाला एकेक बॅच नंबर बघून एंट्री करणार, आणि ती झाल्याशिवाय फायनल बिल निघत नाही. त्यात गोळ्यांची पट्टी कापताना नेमका बॅच आणि एक्स्पायरी छापलेला तुकडा आधी कापून गेला असेल तर उरलेली पट्टी फार्मसी परत घेत नाही, मामा ती घेऊन परत वर, मग फोनाफोनी, नातेवाईक चिडलेले. आम्ही वॉर्डात एवढंच ठरवलं की पट्टी नेहमी दुसऱ्या टोकाने कापायची, बॅचचा तुकडा शेवटपर्यंत राहिला पाहिजे. नाइटच्या एका सिस्टरने सुचवलं होतं. आणि उद्या जो जाणार असं वाटतंय त्याचा रिटर्न आदल्या संध्याकाळीच करायचा, सकाळच्या डोसपुरतं ठेवून. या दोन गोष्टींनी जेवढा फरक पडला तेवढा कुठल्या ट्रेनिंगने पडला नव्हता.

आणि माणसं कमी करण्याचं म्हणाल तर सिस्टर दिवसभर चालते किती ते एकदा बघा. ग्लुकोमीटर एकच, तो शेजारच्या वॉर्डात, बीपीचा कफ सापडत नाही, कपाटाची चावी ज्या सिस्टरकडे ती जेवायला गेलेली. ही शोधाशोध वाचली तर तो वेळ पेशंटला मिळू दे, तो दाखवून आमचं माणूस काढू नका.

भूलतज्ज्ञ:
सिस्टरांच्या शेवटच्या वाक्यावरच सगळं अवलंबून आहे. अमेरिकेत सिएटलला व्हर्जिनिया मेसन मेडिकल सेंटर आहे, तिथले तेव्हाचे प्रमुख डॉ. गॅरी कॅप्लन २००२ मध्ये आपल्या वरिष्ठ मंडळींना घेऊन जपानला गेले, कारखाने बघितले आणि टोयोटाची पद्धत अख्ख्या हॉस्पिटलला लावली. यातून कुणाची नोकरी जाणार नाही हे त्यांनी धोरण म्हणून ठरवलं. ट्रस्टींकडून हे आधी लेखी घ्या, नाहीतर लोक अडचणी लपवतील आणि तुम्हाला काहीच दिसणार नाही.

त्यांच्याकडची दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. टोयोटाच्या लाइनवर कुठलाही कामगार दोरी ओढून लाइन थांबवू शकतो, तसं तिथे कुठल्याही कर्मचाऱ्याने पेशंटला धोका दिसला की अलर्ट द्यायचा, काम थांबतं आणि वरिष्ठ लगेच लक्ष घालतात. एवढं असूनही नोव्हेंबर २००४ मध्ये तिथे एक पेशंट दगावली. प्रोसिजरच्या टेबलावर लेबल नसलेली रंगहीन द्रावणं होती, एक्सरेत रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून देतात त्या डायच्या जागी अँटिसेप्टिक क्लोरहेक्सिडिन टोचलं गेलं. हॉस्पिटलने ते दडवलं नाही, जाहीरपणे कबूल केलं, आणि मग सुरक्षितता हेच संस्थेचं मुख्य उद्दिष्ट ठेवलं. आम्ही भूलवाले प्रत्येक सिरिंजला लेबल लावण्याचा हट्ट धरतो तो यासाठीच. तर ताई, तुमच्याकडे सिस्टरने "थांबा सर" म्हटलं तर सर्जन थांबतो का? थांबत नसेल तर डिस्चार्ज चार तास लवकर झाला तरी मी त्याला लीन म्हणणार नाही.

बाकी परदेशातच बघायला पाहिजे असं नाही. मदुराईचं अरविंद नेत्रालय, १९७६ मध्ये डॉ. वेंकटस्वामींनी अकरा खाटांवर सुरू केलं. मोतीबिंदूच्या ओटीत सर्जनला दोन टेबलं, एकावर ऑपरेशन चालू असताना दुसऱ्यावर पुढचा पेशंट तयार असतो, मायक्रोस्कोप फिरवला की सर्जन तिकडे. तयारीचं बरंचसं काम खास शिकवलेल्या मुली करतात. सर्जनचा वेळ वाया जात नाही म्हणून गरिबांचं फुकट करणं परवडतं.

क्वालिटी_डेस्क:
खूप खूप धन्यवाद, पट्टीचं तर मी आजच फार्मसीत जाऊन विचारलं, आमच्याकडेही अगदी हेच होतंय!! कुणी कधी बोललंच नव्हतं. आता दोन शंका. आमचे सर ओपीडी उरकून राउंडला येतात, त्यांना कसं सांगायचं? आणि ज्यांचं बिल विमा कंपनी परस्पर भरते त्या कॅशलेसवाल्यांचं काय, तिथे तर आपल्या हातात काहीच नाही ना.

टीपीए_काउंटर:
हातात बरंच आहे. विमा नियामक आयआरडीएआयच्या मे २०२४ च्या सर्क्युलरप्रमाणे हॉस्पिटलने डिस्चार्जची रिक्वेस्ट पाठवल्यापासून तीन तासांत विमा कंपनीने फायनल मंजुरी द्यायची आहे, त्यापुढे उशीर होऊन हॉस्पिटलचा जादा चार्ज लागला तर तो कंपनीने भरायचा. पण घड्याळ रिक्वेस्टपासून सुरू होतं. आपण दोन वाजता पाठवतो आणि पाच वाजता कंपनीच्या नावाने ओरडतो. समरीचा ड्राफ्ट आदल्या रात्री झाला आणि रिपोर्ट फाइलला लागलेले असले तर साडेदहाला रिक्वेस्ट जाते. कंपनीची क्वेरी येते ती बहुतेक वेळा राहिलेल्या कागदामुळे, त्यामुळे महिनाभर आलेल्या क्वेऱ्या नुसत्या एका वहीत लिहा, तेच तेच चार कागद वर येतील.

इन्चार्ज_सिस्टर:
सरांना ओपीडी सोडा म्हणू नका, ते ऐकणार नाहीत आणि खाली पेशंट खोळंबतील. ओपीडीच्या आधी वर येऊन फक्त उद्या-जाणाऱ्या यादीतले पेशंट बघा एवढंच मागा, बाकी राउंड नेहमीच्या वेळेला. यादी आम्ही संध्याकाळी फळ्यावर लिहितो, बेड नंबर आणि काय बाकी आहे ते, ड्रेसिंग, एक्सरे, रिटर्न. जे होईल ते पुसायचं. आणि सगळ्या हॉस्पिटलला एकदम लावू नका मॅडम, फीमेल मेडिकल वॉर्डपासून सुरू करा, तिथे कधी जाणार याचा अंदाज आधी येतो. तुमच्याकडे ज्या सिस्टरचं आरएमओशी जमतं तिला तिथे द्या, आणि पहिले काही दिवस तुम्ही स्वतः सकाळी आठला वॉर्डात उभ्या राहा, हातात वही न घेता.