मदत हवी आहे: 'नेव्हरमाइंड' पहिल्या नंबरवर जानेवारीतच का गेला?

जुनी_कॅसेट

दिवाळी अंकासाठी लेख लिहायला घेतलाय आणि एका तारखेवर गाडी अडलीय. जाणकारांनी हात द्यावा.

निर्वाना या अमेरिकन रॉक बँडचा 'नेव्हरमाइंड' हा अल्बम अमेरिकेत २४ सप्टेंबर १९९१ला आला. कंपनीने सुरुवातीला दुकानांत पाठवल्या ४६,२५१ प्रती. बिलबोर्ड मासिकाच्या अल्बम-खपाच्या यादीत शिरला तो १४४व्या क्रमांकावर. आणि ११ जानेवारी १९९२च्या यादीत मायकेल जॅक्सनच्या 'डेंजरस'ला खाली ओढून पहिला!

मी आपलं झोकात लिहून टाकलं, 'ग्रंजने (म्हणजे निर्वानाच्या खरखरीत रॉकने) पॉपला धूळ चारली.' संपादकबाईंनी समासात लाल पेनाने विचारलं, 'मग सप्टेंबरात का नाही चारली?' आता काय सांगू? एक मित्र म्हणतो, नाताळात मिळालेली व्हाउचरं घेऊन पोरं दुकानात धावली, बाकी काही नाही. म्हणजे सगळा तारखेचाच खेळ? कंपनीने हे ठरवून केलं असेल का?

(माझ्याकडे हा अल्बम कॅसेटवर होता. कव्हरवरचं पाण्यातलं बाळ इतकं बारीक की बहिणीला तो मासा वाटायचा. त्यामुळे या विषयात मी तटस्थ नाही, हे आधीच कबूल.)

आगाऊ धन्यवाद.

मंद्रसप्तक

बाईंचा प्रश्न रास्त आहे. ठरवून काही नव्हतं. जानेवारीत बाजी मारायचीय म्हणून कोणी सप्टेंबरात इतक्या कमी प्रती पाठवत नाही.

आधी तो सप्टेंबर बघा. १७ तारखेला गन्स एन' रोझेसचे 'यूज युअर इल्यूजन'चे दोन्ही भाग एकाच दिवशी आले. मध्यरात्री दुकानं उघडी, बाहेर रांगा. पहिल्या आठवड्यात दुसरा भाग सुमारे ७ लाख ७० हजार, पहिला ६ लाख ८५ हजार. यादीत पहिला आणि दुसरा क्रमांक एकाच बँडकडे. त्याआधी ऑगस्टमध्ये मेटालिकाचा काळा अल्बम येऊन बसलेला. २४ सप्टेंबरलाच रेड हॉट चिली पेपर्सचाही अल्बम आला. या गर्दीत सिएटलच्या तीन पोरांना कोण विचारतो?

मग एमटीव्हीने याच अल्बममधलं 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट' हे गाणं आधी रात्रीच्या कार्यक्रमात आणि पुढे दिवसभर लावायला सुरुवात केली. खरी चढण तिथली. मागणी आधी, माल मागाहून, असा प्रकार होता.

आता नाताळ. यादीवर तारीख ११ जानेवारी असली तरी मोजलेली विक्री त्याआधीची असते, ऐन नाताळाच्या आसपासची. तुमच्या मित्राचं म्हणणं निम्मं पटतं. नाताळाआधी दुकानात येतात ते आईबाप, आजीआजोबा. ते ओळखीचं नाव उचलतात, म्हणजे जॅक्सन. नाताळ उलटला की पोरं स्वतः येतात, हातात व्हाउचर किंवा नको असलेली भेट बदलून घ्यायला. त्या आठवड्यात 'नेव्हरमाइंड'च्या सुमारे ३ लाख ७४ हजार प्रती गेल्या. पण व्हाउचर खर्चायला आलेल्या पोराने नेमका हाच अल्बम का उचलला, याचं उत्तर कॅलेंडरमध्ये नाही.

आणि साउंडस्कॅन, म्हणजे खप मोजायची तेव्हाची नवी पद्धत, विसरू नका. २५ मे १९९१च्या यादीपासून बिलबोर्ड दुकानातल्या गल्ल्यावर स्कॅन होणाऱ्या प्रती मोजू लागलं. त्याआधी दुकानदारांना फोन करून 'काय खपतंय?' विचारायचे. काउंटरवरच्या माणसाची आवडनिवड त्यात आपोआप मिसळायची. आदल्या वर्षी हाच अल्बम आला असता तर तो यादीत कुठे दिसला असता, यावर लिहा. लेखाला तेच सगळ्यात खमंग आहे.

बेसगिटार

मंद्रसप्तक यांना +१. भर एवढीच की जानेवारी हा ओसाड महिना. नाताळ संपलेला, मोठी नावं गप्प. केक या बँडचा अल्बम जानेवारी २०११मध्ये अमेरिकेत पहिला आला, फक्त ४४ हजार प्रतींवर. साउंडस्कॅनच्या काळातला पहिल्या क्रमांकाचा तोवरचा सगळ्यात कमी आकडा. हाच अल्बम नोव्हेंबरात आणला असता तर शोधावा लागला असता.

आता उलट बाजू. आर्क्टिक मंकीजचा पहिला अल्बम ब्रिटनमध्ये २३ जानेवारी २००६ला आला, ठरल्यापेक्षा आठवडाभर आधी. पहिल्या आठवड्यात ३,६३,७३५ प्रती, तेही कितीतरी छोट्या देशात. महिना तोच, क्रमांक तोच. त्यामुळे नुसता क्रमांक लिहू नका, शेजारी आकडा द्या.

तुळशीबाग

अवांतर: गर्दी टाळायलाच हवी असं कुठंय? टेलर स्विफ्टचा 'लव्हर' २३ ऑगस्ट २०१९ला आला, टूल या रॉक बँडचा 'फिअर इनॉक्युलम' पुढच्याच शुक्रवारी. टूल पहिले, टेलरबाई खाली. १३ वर्षं वाट बघायला लावली की चाहता दुसऱ्याचा आठवडा बघत नाही. शिवाय त्याच महिन्यात त्यांनी जुने अल्बम पहिल्यांदा स्ट्रीमिंगवर टाकले होते. असली वेळ साधणं मला जास्त हुशारीचं वाटतं.

जुनी_कॅसेट

सगळ्यांना धन्स! मंद्रसप्तक, ब्लर आणि ओॲसिस या ब्रिटिश बँड्सचा १४ ऑगस्ट १९९५ घेऊ का? एकाच दिवशी दोघांची सिंगल्स, म्हणजे सुटी विकली जाणारी गाणी.

मंद्रसप्तक

घ्या, पण दोन ओळींत. ब्लर २ लाख ७४ हजार, ओॲसिस २ लाख १६ हजार. सिंगलची लढाई ब्लरने जिंकली. पुढे ऑक्टोबरात ओॲसिसचा अल्बम पहिल्याच आठवड्यात ३ लाख ४७ हजार गेला आणि ऑगस्टचा निकाल लोक विसरले. वर्तमानपत्रांना मात्र ऑगस्टच जास्त आवडला.

जुनी_कॅसेट

अपडेट: 'धूळ चारली' काढलं. आता असं लिहिलंय: 'सप्टेंबरात माल नव्हता, ऑक्टोबरात गाणं टीव्हीवर आलं, डिसेंबरात पोरांच्या हातात पैसे आले.' बाईंना पाठवलं. त्यांचं उत्तर: 'चालेल. आपला अंक दिवाळीच्या आधी येतोय की नंतर, ते मात्र छापखान्यालाच माहीत.'