बुवांचे डोळे गजरालाच का भरून येतात?

देवगडकर: काल रात्री डबलबारी, म्हणजे दोन बुवांच्या भजनाचा सामना, ऐकली. गौळणीपर्यंत छान. मग गजराची, म्हणजे देवाच्या नामघोषाची, लय चढली आणि एक बुवा डोळे मिटून हुंदके देऊ लागले. बायका हात जोडून उभ्या. मला हे निव्वळ नाटक वाटतं. रडताना गळा आवळतो. यांचा पंचम मात्र जागेवर होता.

आचऱ्याची लेक: राहवलं नाही म्हणून लिहिते. माझे बाबा बुवा होते. काका होडीवरून परत आले नाहीत, त्याच्या पुढच्या श्रावणातली गोष्ट. सप्ताहात आमच्या वाडीची पाळी मध्यरात्रीनंतर. तुकोबांचा अभंग, आणि पहिल्याच ओळीला बाबांचा आवाज गेला. झांजवाल्यांनी ओळ उचलली, पखवाज थांबला नाही. बाबांची बोटं पेटीवर तशीच. ओळ किती वेळा फिरली कुणी मोजलं नाही. मग त्यांनी ती वरच्या षड्जावरून घेतली. गालांवर पाणी, सूर स्वच्छ. याला नाटक म्हणून दाखवा.

कणकवलीचा पखवाजी: ताई, तुमच्या बाबांना कोण बोललं? अश्रू, रोमांच, स्वरभंग हे सात्त्विक भाव भरताने नाट्यशास्त्रात सांगितलेत, अभिनयाचा भाग म्हणून. नटाला जमतात ते बुवाला का नाही जमणार? खरं दुखणं सिनेमाच्या चालींचं आहे. आठ मात्रांच्या भजनी ठेक्यात काहीही कोंबतात. मी डाव्या पुडीला कणीक लावून बसतो आणि माइकवाला एको इतका वाढवतो की घुमारा मलाच ऐकू येत नाही.

परळचा चाकरमानी: माझे आजोबा नाट्यगीतांच्या चालींवर अभंग म्हणायचे. तेव्हाही म्हातारे ओरडतच होते. त्या चालींमुळेच आज पोरं झांज धरतात.

कणकवलीचा पखवाजी: झांज धरतात, अभंग पाठ नसतो! गणपतीला चार दिवस येता आणि आमका शिकवतास?

परळचा चाकरमानी: चार दिवस येतो म्हणून देव माझा नाही? तोंड सांभाळून बोला. एकोचं मान्य. चालींचं मुळीच नाही.

देवगडकर: विषय रडण्याचा होता. ताई, तुमच्या बाबांचं मानतो, कारण त्यांचा आवाज आधी गेला. कालच्या बुवांचा गेला नाही.

आचऱ्याची लेक: त्यांच्या घरी काय झालंय ते विचारलंत?

कणकवलीचा पखवाजी: काल साथीला मीच होतो. मागच्या तीन बाऱ्यांत ते त्याच गजराला, त्याच जागी रडलेत. मला ती जागा पाठ आहे. तरी काल माझ्या हातावर काटा आला. खोटं कशाला बोलू?